सात नंबरचं दार

माझे सासरे धरणावरची दारं उघडायचे आणि लावायचे. सगळी वसाहत त्यांना दारवाले म्हणायची. कागदोपत्री त्यांचा हुद्दा लांबलचक होता, पण काम एवढंच, की नदीला पाणी वाढलं की नऊ लोखंडी दारं मोटरवर वर उचलायची आणि पाणी उतरलं की खाली सोडायची. एकेक दार दुमजली घराएवढं. काँक्रीटच्या दोन जाडजूड खांबांमध्ये खाचा केलेल्या, त्या खाचांतून ते वरखाली सरकायचं. बत्तीस वर्षं त्यांनी हे काम केलं आणि बत्तीस वर्षं आजूबाजूच्या प्रत्येक माणसाला कस्पटासमान लेखलं.

मी त्यातून सुटायचं काही कारण नव्हतं. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर हिरड्यांचा ठसा घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, दात बसवतो, घासून गुळगुळीत करतो. लग्न ठरायच्या वेळी सासऱ्यांनी माझा धंदा ऐकून घेतला आणि माझ्यासमोरच सासूबाईंना म्हणाले, "म्हणजे हा दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून पोट भरतो."

"तोंडात डॉक्टर हात घालतात," मी म्हणालो. "माझ्याकडे फक्त ठसा येतो."

"म्हणजे तेवढीही हिंमत नाही."

तरी लग्न झालं. त्यानंतर ते मला जावईबापू म्हणायला लागले. त्यातला 'बापू' ते असा काही उच्चारायचे, की आपल्या सदऱ्यावर काहीतरी सांडलंय की काय म्हणून मी खाली बघायचो.

धरण आणि त्यांची नोकरी एकाच वर्षी सुरू झालेली. पहिली सतरा-अठरा वर्षं दारं लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली. प्रत्येक दाराच्या दोन्ही कडांना खांबापासून बोटभर फट होती, रबरी पट्टीने झाकलेली. मग एका वर्षी सात नंबरचं दार उचलताना कर्र असा आवाज आला. मोटरचा सूरही जड झाला. सासरे खाली उतरले, पोलादी पट्टी घालून फट मोजली, तर ती जवळजवळ निम्म्यावर आली होती. बाकीच्या आठही दारांची मोजली. सगळीकडे फट कमी झालेली, कुठे जास्त, कुठे थोडी.

लोखंडाचं दार पसरत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग खांबच जाड झाला असणार. एवढा सरळ विचार करायला त्यांना कुठली पदवी लागली नाही, आणि हे त्यांनी पुढे आयुष्यभर ऐकवलं.

डोळे उघडे ठेवून बघितल्यावर बाकीच्या खुणाही दिसायला लागल्या. खांबांवर बारीक भेगांचं जाळं पडलं होतं, वाळलेल्या तळ्याच्या गाळावर पडतं तसं. भेगांमधून पांढरं काहीतरी पाझरून सुकलं होतं. धरणाच्या माथ्यावरच्या रस्त्यात दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम सोडलेल्या फटी मिटत चालल्या होत्या आणि त्यांतलं डांबर दबून वर आलं होतं, जास्त भरलेल्या करंजीतून सारण यावं तसं.

ते रीतसर साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे धरणाचे इंजिनिअर. त्यांची खोली माथ्यावर होती, तिथून सगळं धरण दिसायचं, पण साहेबांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली होती. सासऱ्यांनी सांगितलं, "काँक्रीट फुगतंय. दारं अडकणार."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता म्हणे, नुसता मठ्ठ होता. म्हणाले, "काँक्रीट आकसतं, फुगत नाही. पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

"मग फट कशानं कमी झाली?"

"गंज धरला असेल. घाण बसली असेल. ग्रीस लावून घ्या."

"आणि भेगा?"

"काँक्रीटला भेगा पडतातच. वाळताना पडतात."

"वीस वर्षं वाळतंय?"

यावर साहेबांना राग आला. तुमचं काम दारं उचलायचं आहे, सिद्धांत मांडायचं नाही, असं त्यांनी सुनावलं. पंधरवड्यानंतर चार माणसं आली, भेगांमध्ये सिमेंटचा रबडा भरला आणि वरून पांढरा रंग फासला. एखाद्या म्हातारीने सुरकुत्यांवर पावडर थापावी तसे खांब दिसायला लागले. वर्षभरात रंगालाही तेच भेगांचं जाळं पडलं.

सासऱ्यांनी त्या दिवशी ठरवलं की या लोकांशी पुन्हा बोलायचं नाही. हा निर्णय त्यांनी घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितला, जणू काही राजीनामाच देऊन आले होते. राजीनामा दिला असता तर निदान कुणी तरी 'का' म्हणून विचारलं असतं.

त्यांनी स्वतःच उपाय शोधला. दर उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते शिडीवरून उतरायचे आणि ग्राइंडरने दारांच्या कडा घासायचे. एका वर्षी मिलिमीटर, एका वर्षी दीड. सात नंबरला सगळ्यात जास्त. खांब जेवढा फुगला तेवढं दार कमी करायचं. वर चढून आल्यावर नोंदवहीत लिहायचे, 'सर्व दरवाजे सुस्थितीत.' साहेब त्याखाली सही करायचे. तीन साहेब बदलले, सगळ्यांनी सही केली. प्रत्येक सही बघून सासऱ्यांना आनंद व्हायचा. "बघा," ते जेवताना सांगायचे, "न वाचता सही. यांच्या हातात धरण दिलंय."

सासूबाई एकदा म्हणाल्या, "पण तुम्हीच खोटं लिहिलंयत ना?"

"मी त्यांची परीक्षा घेतोय," सासरे म्हणाले.

दहा वर्षं त्यांनी ही परीक्षा घेतली. सगळे नापास झाले, हे तर आधीच ठरलेलं होतं.

त्यांच्या हाताखाली एकच माणूस होता, तेलवाला. चाळिशी उलटलेला, मवाळ, पाच माणसांचं घर चालवणारा. दारांच्या साखळ्यांना, चाकांना तेल-ग्रीस घालणं हे त्याचं काम. दार कुरकुरलं की तो बिचारा विचारायचा, "दारवाले, हे असं का वाजतंय?" सासरे म्हणायचे, "तुझं ग्रीस कमी पडतंय." खरं कारण समजावून सांगण्याच्या लायकीचा तो त्यांना वाटत नव्हता. तेलवाला मग आणखी ग्रीस चोपडायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन चोपडायचा.

या गोष्टीत मीही आहे, आणि माझा भागही फारसा कौतुकाचा नाही. दार अडकण्याच्या दोन वर्षं आधी मी एका रविवारी सासऱ्यांचा डबा घेऊन धरणावर गेलो. ते खाली होते. सात नंबरच्या खांबाजवळ आक्रोडाएवढा काँक्रीटचा तुकडा पडलेला दिसला, तो मी सहज उचलून खिशात टाकला. प्लास्टर घट्ट होताना केसभर फुगतं, हे आम्हा कवळीवाल्यांना रोज सांभाळावं लागतं. तेवढ्याने कवळी हिरडीला टोचते आणि गिऱ्हाईक शिव्या देत परत येतं. म्हणून काँक्रीट फुगतं हे सासऱ्यांचं म्हणणं मला कधीच हास्यास्पद वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर दात घासायच्या चाकावर मी तो तुकडा घासून आरशासारखा केला आणि भिंग लावून बघितलं. आत खडीचे काळपट दगड दिसत होते आणि त्यांतल्या बऱ्याच दगडांभोवती फिकट पांढरी कड होती, दाताभोवती हिरडी असते तशी. भेगा त्या दगडांच्या पोटातून निघून बाहेर सिमेंटमध्ये शिरल्या होत्या. भेगांमध्ये वाळलेल्या डिंकासारखं चकाकणारं काहीतरी होतं. मी तुकडा ओल्या कापसात गुंडाळून ठेवला. काही दिवसांनी बघितलं तर तो डिंक फुगून घासलेल्या पृष्ठभागाच्या वर आला होता आणि बोटाला चिकटत होता.

मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. पण सिमेंट दगडाला बाहेरून खात नव्हतं, दगडातच काहीतरी तयार होऊन, पाणी पिऊन, आतून ढुशी मारत होतं, इतकं मला समजलं. मी हरखून गेलो. पुढच्या रविवारी तुकडा आणि भिंग घेऊन सासऱ्यांकडे गेलो.

त्यांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. मग तुकडा माझ्या हातात परत देत म्हणाले, "आता धरणाला कवळी बसवणार का, जावईबापू?"

माझी बायको हसली. सासूबाई हसल्या. मीही हसलो आणि तुकडा खिशात टाकला. घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये फेकला. साहेबांकडे जाता आलं असतं. शहरातल्या कॉलेजात कुणाला तरी दाखवता आलं असतं. पण मी म्हटलं, मरू दे. म्हाताऱ्याला सगळं कळतं ना, मग तोच बघून घेईल. असा विचार करताना मला किती बरं वाटलं होतं, तेही मला अजून आठवतं.

दोन उन्हाळे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात ग्राइंडरच्या चकत्या संपल्या. नव्या मागवायला नव्या साहेबांसमोर उभं राहून कारण सांगावं लागलं असतं. हे साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, आणि आल्या आल्या त्यांनी सासऱ्यांना 'काका' म्हणून हाक मारली होती. ते सासऱ्यांना इतकं झोंबलं होतं की त्यांच्या खोलीत पाऊल टाकणार नाही असा त्यांनी पणच केला होता. त्या वर्षी सात, आठ आणि नऊ नंबरची दारं घासायची राहिली.

पावसाळ्यात एका दुपारी वरच्या भागातून निरोप आला की नदीला मोठं पाणी येतंय, सगळी दारं उघडा. सासऱ्यांनी एकापाठोपाठ एक बटणं दाबली. सहा दारं वर गेली. आठ आणि नऊ किंचाळत का होईना, गेली. सात नंबर वीतभर उचललं, तिरकं झालं आणि दोन खांबांमध्ये घट्ट रुतून बसलं. मोटर घुमली, जळका वास आला आणि बंद पडली.

मोटर बंद पडली तर दार हाताने उचलायला लोखंडी दांडा असतो. दांडा फिरवायला दोन माणसं लागतात. सासऱ्यांचा गुडघा तेव्हा सुजलेला होता, म्हणून तेलवाल्याने एकट्याने दांडा धरला.

"जोर लाव," सासरे म्हणाले. "ग्रीस कमी पडलंय."

तेलवाल्याने सगळा जीव लावून दोन वेढे फिरवले. दार हललं नाही, ताण मात्र सगळा यंत्रात साठला. तिसऱ्या वेढ्याला आतला ब्रेक निसटला आणि दांडा उलटा फिरला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तिथेच गेली.

सासऱ्यांनी आपला सदरा फाडून त्याचा हात बांधला. साहेब धावत आले. पाणी सात नंबरच्या दारावरून कोसळायला लागलं आणि खालच्या बाजूच्या वसाहतीच्या दोन रांगांमध्ये घुसलं. माणसं गच्चीवर चढली. सासऱ्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, सासूबाई शेजारणीच्या गच्चीवर बसून धरणाकडे बघत होत्या. मेलं कुणी नाही. पण पाणी ओसरल्यावर वसाहतीत कितीतरी दिवस चिखलाचा वास होता आणि तेलवाला इस्पितळात होता.

मग माणसांची रीघ लागली. जे वीस वर्षांत फिरकले नव्हते ते सगळे खांबांना हात लावून फोटो काढून गेले. शेवटी एक बाई आल्या. त्या दगडांच्या तज्ज्ञ होत्या, वसाहतीने त्यांचं नाव दगडांच्या बाई पाडलं. त्यांनी यंत्राने खांबांमधून काँक्रीटचे लांब गोल तुकडे कापून काढले, त्यांचे कागदासारखे पातळ काप करून तपासले, आणि महिन्याभराने सगळ्यांना माथ्यावरच्या खोलीत बोलावलं. मीही गेलो, ड्रॉवरमधला तुकडा खिशात घालून.

बाईंनी साध्या भाषेत सांगितलं. खडीतल्या काही दगडांमध्ये काचेसारखा भाग आहे. सिमेंटमध्ये क्षार असतात. दोघांची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि डिंकासारखा पदार्थ तयार होतो. तो पाणी शोषतो आणि फुगतो. "आणि धरणात पाण्याला काय तोटा," त्या म्हणाल्या. "याला पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणून सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही."

"म्हणजे खडी पुरवणाऱ्याने खराब दगड दिला," वरून आलेले एक मोठे साहेब घाईघाईने म्हणाले. दोष टाकायला कुणीतरी सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"दगड उत्तम होता. फोडायला गेलात तर घाम निघेल इतका टणक. तुम्ही तो टणक आहे का एवढंच तपासलंत. सिमेंटशी त्याचं पटेल का, हे तपासलं नाहीत."

मोठ्या साहेबांनी विचारलं, आता हे थांबवायचं कसं. बाई म्हणाल्या, थांबवता येत नाही. हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने खांबांमध्ये वरपासून खालपर्यंत चिरा कापायच्या, म्हणजे फुगायला जागा मिळेल. त्या चिराही काही वर्षांत मिटतील. मग पुन्हा कापायच्या. "त्यासाठी मला एक आकडा हवाय," त्या म्हणाल्या. "वर्षाला किती फुगतंय? मोजमाप कुणी ठेवलंय का?"

साहेबांनी नोंदवही पुढे केली. त्यात 'सुस्थितीत' सोडून दुसरं काही नव्हतं.

तेव्हा मागच्या भिंतीशी उभे असलेले सासरे बोलायला लागले. दहा वर्षांचे आकडे, नऊ दारांचे, डावी कड आणि उजवी कड, सगळं तोंडपाठ. कुठल्या उन्हाळ्यात किती घासलं, कुठलं दार पुढे आणि कुठलं मागे. बाई भराभर लिहून घेत होत्या. सासऱ्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी बघितला नव्हता. याच क्षणासाठी त्यांनी दहा वर्षं दम धरला होता.

लिहून झाल्यावर बाईंनी मान वर केली. "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"एकदा सांगितलं होतं. हसले. ज्यांना कळत नाही त्यांना पुन्हा सांगून काय करायचं?"

"तुम्हाला कळत होतं?"

"फुगतंय हे कळत होतं."

"का फुगतंय?"

सासऱ्यांनी खिडकीतून खांबांकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हालाही अर्धंच कळत होतं," बाई म्हणाल्या. "त्यांनी बघितलं नाही आणि तुम्ही दाखवलं नाहीत. कडा घासून घासून तुम्ही ते दहा वर्षं लपवलंत. पहिल्याच वर्षी दार अडकू दिलं असतंत, तर मला तेव्हाच बोलावलं असतं."

त्यांचा आवाज चढलाही नव्हता. एका दगडाला नाव देऊन पुढच्या दगडाकडे वळावं तशा त्या वळल्या आणि चिरा कुठे कापायच्या ते साहेबांना नकाशावर दाखवायला लागल्या. सासरे तिथेच उभे राहिले. मी खिशातला तुकडा बाहेर काढला नाही. कापसात ठेवून दोन वर्षांपूर्वी मी काय बघितलं होतं हे सांगितलं असतं, तर त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडेही बघितलं असतं.

अहवाल आला. जाडजूड होता. त्यात तीन साहेबांबद्दल तीन सौम्य वाक्यं होती आणि चौथं वाक्य असं होतं, की स्थानिक कर्मचाऱ्याने माहिती दडवल्यामुळे धोका वाढला. सासऱ्यांनी ते वाक्य सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवलं आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "बघा, शेवटी सापडलो मीच." त्या वाक्यात खोडण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांचा सगळा संताप त्याचाच होता. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं, तेवढं त्यांना भांडारात बसवलं.

तारेने खांब कापायचं काम चाललं होतं त्या दिवसांत सासूबाई एकदा त्यांना म्हणाल्या, "तेलवाल्याला भेटून या." चार-पाच वेळा म्हटल्यावर ते निघाले आणि मला बरोबर घेतलं. एकट्याने जायची हिंमत त्यांच्यात नव्हती, आणि हे त्यांना बोलून दाखवायचा मोह मी कसाबसा आवरला.

तेलवाला घराच्या पायरीवर बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होता. सही करायला शिकत होता. त्याने सासऱ्यांना बसायला चटई दिली. बायकोने चहा आणला. बराच वेळ पाण्यापावसाच्या गप्पा झाल्या. सासऱ्यांनी माफी मागितली नाही, त्यांना ते जमणारही नव्हतं. नुसतं म्हणाले, "त्या वर्षी चकत्या मिळाल्या असत्या तर दार अडकलं नसतं."

तेलवाल्याने पेन्सिल खाली ठेवली. "चकत्यांचं मला काय माहीत, दारवाले," तो म्हणाला. "एवढी वर्षं मला वाटत होतं की माझंच ग्रीस कमी पडतंय. रविवारी बायका-पोरांना टाकून यायचो. त्या दिवशी दांडा धरला तोही त्याच लाजेनं. खांब फुगलाय एवढं एक वाक्य तुम्ही बोलला असतात, तर मी त्या दांड्याला हात लावला नसता."

चहा पिऊन झाल्यावर सासऱ्यांनी स्वतः उठून कप आत नेऊन ठेवला. त्यांना हे करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. वाटेत ते माझ्या पुढे पुढे चालत होते आणि गुडघा दुखत असूनही थांबत नव्हते.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रवाला, डॉक्टर, शेजारी, सगळ्यांची अक्कल ते पूर्वीसारखीच काढत राहिले. फक्त दर महिन्याला एकदा ते तेलवाल्याकडे जायचे आणि तासभर बसून यायचे. तिथे दोघं काय बोलायचे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.